एल्व्हेराचा कोपरा

“भिंत सोमवारी सकाळीच पाडणार आहेत,” लवोना म्हणाली. “गोधडी शनिवारपर्यंत चौकटीवरून उतरलीच पाहिजे. रविवारी मी काही सुई धरणार नाही.”

गोधडी ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीभोवतीच्या बायकांपैकी कुणी मान वर केली नाही. चर्चच्या तळघरात पाणी शिरल्यामुळे यंदा दानासाठी लिलावात विकायची गोधडी लवोना अन्रूच्या जेवणघरात येऊन बसली होती, आणि नेमकं याच वसंतात तिच्या नवऱ्यानं, मर्लनं, इतकी वर्षं टाळलेलं घराचं काम काढलं होतं. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्या मधली भिंत जायची होती. ठेकेदारानं तिच्यावर लाल खडूनं मोठी फुली मारून ठेवली होती. कपाटं रिकामी करायची होती, बशा कागदात गुंडाळायच्या होत्या. धूळ बसू नये म्हणून लवोनानं आपलं सगळं कापड बाथटबमध्ये रचून वर चादर घातली होती, आणि भाचीच्या लग्नाची अर्धवट गोधडी पलंगाखाली सरकवली होती. आता अंघोळ कुठे करायची, असं मर्लनं विचारलं तेव्हा शेजाऱ्यांना विचार, असं उत्तर त्याला मिळालं होतं.

गोधडी निळी-पांढरी होती. चारी कोपऱ्यांत पिसांची नक्षी होती आणि खिडकीकडचा कोपरा एल्व्हेरा गेरिंगचा होता. तिथे दुसरं कुणी बसत नसे. एल्व्हेरा सत्याऐंशी वर्षांची. या गावात गोधडीच्या बाबतीत चाळीस वर्षं तिचाच शब्द चालत आलेला. आता दोन्ही डोळ्यांत तिच्या नजरेच्या मधोमध डाग आला होता. माणूस तिला कडेकडेनं दिसायचं, सुईचं टोक मुळीच दिसायचं नाही. हातही थरथरायचा. तरी गुरुवार उजाडला की ती नातीच्या गाडीतून यायची, अंगुस्ताना चढवायची आणि टाके घालत बसायची. ते टाके कसे पडत होते, हे तिच्याखेरीज सगळ्यांना दिसत होतं.

कॉफी झाली, दालचिनीचे रोल संपले, एकेक गाडी निघाली. व्हर्डा मुद्दाम मागे राहिली. ती लवोनाच्या बरोबरीची, कुणाचं भांडण नको म्हणून आयुष्यभर आवाज खाली ठेवून बोलणारी.

“तो कोपरा बघशील ना गं?” ती म्हणाली.

“बघते,” लवोना म्हणाली.

दार लागल्यावर ती कोपऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. वेडेवाकडे, लांबलचक टाके. कुठे सुई अस्तरापर्यंत पोचलीच नव्हती. लवोनाला इतका आनंद झाला की तिला खुर्ची ओढून बसावं लागलं.

आमच्याकडे एक रीत आहे. जिचा हात चांगला नाही, तिला तोंडावर कुणी काही बोलत नाही. ती घरी गेली की तिचे टाके उसवायचे आणि नव्यानं घालायचे. पुढच्या गुरुवारी ती येते, आपलं काम बघते, खूश होते. याला आम्ही चांगुलपणा म्हणतो.

लवोना ओक्लाहोमातून लग्न होऊन आली तेव्हा तिला बटण लावता येत होतं, तेवढंच. आई कारखान्यात कामाला, घरी शिवणाची चैन कुठली. पण मर्लच्या माणसांत आपण परकं वाटू नये म्हणून ती पहिला सगळा हिवाळा चौकटीला बसली. बोटांना भोकं पडली. वसंतातल्या लिलावाला तिनं आईला मुद्दाम बसनं बोलावून घेतलं. गोधडी टांगली होती, लोक रांगेनं बघत होते. लवोनानं आईचं बोट धरलं आणि आपल्या टाक्यांवर ठेवलं. “हे माझे,” ती म्हणाली. आईनं ते बोट कितीतरी वेळ तिथेच फिरवलं. तिची नखं कारखान्यातल्या कामानं काळी पडलेली होती. “छान हात आहे गं तुझा,” आई म्हणाली. एवढ्या वर्षांत आईच्या तोंडून तिनं ऐकलेलं ते पहिलं कौतुक.

पुढच्या हिवाळ्यात एका गुरुवारी ती खाऊ नेलेलं आपलं भांडं विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आली. चर्चच्या तळघरात दिवे चालू होते. तिच्या जागेवर एल्व्हेरा बसली होती आणि चिमुकल्या कात्रीनं तिचे टाके उसवत होती. बाकीच्या हसत होत्या, कारण एल्व्हेरा नुकतंच म्हणाली होती, “एवढ्या लांब टाक्यांत तर झोपेत पायाचं नख अडकेल.” लवोनाला बघून त्या गप्प झाल्या. एल्व्हेराचा हात थांबला नाही.

“तुला वाईट वाटू नये म्हणून तू गेल्यावर करतो,” ती म्हणाली. “गेल्या वर्षीही केलं.”

गेल्या वर्षीही. म्हणजे आईनं बोट फिरवलं ते एल्व्हेराच्या टाक्यांवर.

लवोना भांडं घेऊन घरी गेली. त्यानंतर तिनं जुन्या चादरी फाडून त्यांवर टाके घातले, उसवले, पुन्हा घातले. दोन वर्षांत तिचा हात असा बसला की उसवायला कुणाला काही उरलं नाही. एल्व्हेरानं कधी बरं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. आणि दर रविवारी ओक्लाहोमाहून फोन यायचा. तो फोन भिंतीवर होता, आता जिच्यावर लाल फुली होती त्याच भिंतीवर. आई सांगायची, कारखान्यातल्या बायकांना मी तुझ्या हाताबद्दल सांगितलं, शेजारणीलाही सांगितलं. लवोना दोर बोटाला गुंडाळत हं हं करायची. खरं सांगायचं दर रविवारी राहून गेलं आणि सहा वर्षांनी आईच राहिली नाही.

हे सगळं एल्व्हेरामुळे, असं लवोनानं मनात घट्ट धरलं होतं. आता संधी आपल्या पायांनी घरी चालून आली होती. काही करायचंच नव्हतं. फक्त कोपरा होता तसा ठेवायचा. लिलावाच्या आधी सगळा तालुका गोधडीवरून बोटं फिरवणार, आणि कुठली जागा कुणाची हे इथे लहान पोरालाही ठाऊक असतं.

शुक्रवारी ती गाणं गुणगुणत बशा बांधत होती. मर्लला आश्चर्य वाटलं.

“हा फोन काढू का?” त्यानं विचारलं. फोन कधीचाच बंद होता.

“सगळ्यात शेवटी काढ,” ती म्हणाली.

दुपारी दारात गाडी थांबली. नातीला गाडीतच बसवून एल्व्हेरा एकटीच पायऱ्या चढून आली. तिनं कोट काढला नाही. खोक्यांना धडकत ती चौकटीपर्यंत गेली आणि आपल्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला.

“उसवले नाहीस,” ती म्हणाली.

“नाही.”

“मला वाटलंच. काल मीच दोनदा बोट फिरवून बघितलं. व्हर्डा उगाच वाहवा करत होती.” ती खुर्चीत बसली. “का उसवले नाहीस? दया आली का?”

“नाही.”

“मग?”

लवोनानं हातातली बशी खाली ठेवली. “लोकांनी बघावेत म्हणून ठेवलेत. तुम्ही माझे उसवलेत. माझ्या आईनं तुमच्या टाक्यांवर बोट ठेवून माझं कौतुक केलं. ती तसंच समजत गेली.”

एल्व्हेरानं मान थोडी वाकडी केली. कडेनं बघायचं असलं की ती तशी करायची.

“मला नाही आठवत,” ती म्हणाली. “किती जणींचे उसवले. व्हर्डाचेही उसवलेत. माझे माझ्या सासूनं उसवले होते.”

लवोनाच्या अंगाचा तिळपापड झाला. जे आपण उरात सांभाळून ठेवलं, ते त्या बाईला आठवतही नव्हतं.

“पण सूड घेतेयस हे बरं आहे,” एल्व्हेरा म्हणाली. “दया असती तर मला सोसली नसती.” मग तिनं पिशवीतून तीच चिमुकली कात्री काढली आणि पुढे धरली. “माझ्यावर राग काढ, गोधडीवर नको. ती चांगली गोधडी आहे. मीच उसवले असते, पण कापडच कापून बसेन.”

लवोनानं कात्री घेतली नाही. एल्व्हेरानं हात तसाच पुढे धरून ठेवला. आणि तेवढ्यात लवोनाला याहून चांगली गोष्ट सुचली. टाके उसवायचे, आणि पुन्हा घालायचे ते हुबेहूब एल्व्हेराचे, तिच्या भरातल्या दिवसांतले. बारीक, किंचित उजवीकडे झुकलेले. तो हात लवोनाला पाठ होता. त्याच्याशी बरोबरी करण्यातच तिची उमेदीची वर्षं गेली होती. लोक बोटं फिरवतील, म्हणतील, एल्व्हेरा, या वयात काय हात आहे तुझा. आणि ते कौतुक तिला उभ्यानं गिळावं लागेल, एकामागून एक, दिवसभर. मग कळेल तिला.

तिनं कात्री घेतली. “बसा इथेच,” ती म्हणाली. “मी तुमच्यासारखं पाठीमागे करणार नाही.”

एल्व्हेरा बसली. दोरा तुटायचा तो आवाज तिला ऐकू येत होता. लवोना उसवलेला एकेक दोरा तिच्या पुढ्यात टाकत गेली. म्हातारीनं ते चाचपून गोळा केले आणि कोटाच्या खिशात ठेवले.

शनिवारी दिवसभर लवोना चौकटीवर वाकलेली होती. सगळं स्वयंपाकघर मर्लनं एकट्यानं बांधलं. त्यानं तव्यांच्या खोक्यात चहाचे कप भरले, ते फुटले, तरी ती उठली नाही. एवढं सुंदर काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं. दिवस मावळताना गोधडी उतरली. किनार शिवायला व्हर्डा ती घेऊन गेली आणि सोमवारी माणसं घण घेऊन आली.

लिलावाच्या दिवशी जत्रेच्या मैदानावरच्या मंडपात गोधड्या टांगल्या होत्या. बाहेर मोठ्या कढईत तळण चाललं होतं. निळ्या-पांढऱ्या गोधडीपाशी एल्व्हेराला खुर्ची दिली होती, मानाची. लवोना खांबाजवळ उभी राहिली. तिथून म्हाताऱ्या बाईचा चेहरा नीट दिसत होता.

विचिटा शहरातून आलेली एक बाई कोपऱ्यापाशी थबकली. गळ्यात चष्मा, अंगावर भारी कोट, बोली लावायलाच आलेली दिसत होती. तिनं पिसांवरून बोट फिरवलं आणि पुन्हा फिरवलं.

“हा कुणाचा हात?”

“आमच्या एल्व्हेराचा,” व्हर्डा अभिमानानं म्हणाली. “सत्याऐंशी वर्षांच्या आहेत. या बघा, इथे बसल्यात.”

पाच-सात माणसं जमा झाली. कुणी वा म्हटलं, कुणी एल्व्हेराच्या खांद्यावर हात ठेवला. लवोना टक लावून बघत होती. आता ही हसेल, मान हलवेल, आणि आतून जळेल.

एल्व्हेरा खुर्चीचा दांडा धरून उठली.

“हे माझे नाहीत,” ती म्हणाली. अंडी ताजी नाहीत असं सांगावं तितक्या साध्या आवाजात. “माझे वाईट पडले होते. पायाचं नख अडकेल असे. लवोनानं ते उसवले आणि हे घातले.”

विचिटाच्या बाईला कुठे बघावं कळेना. एल्व्हेरानं हवेत चाचपत त्या बाईचा हात शोधला, तिचं बोट धरलं आणि कोपऱ्यावर नेऊन ठेवलं.

“इथे बघा,” ती म्हणाली. “छान हात आहे तिचा.”

सगळ्यांनी वळून लवोनाकडे बघितलं. लवोनाचे कान तापले. तिला तिथून पळून जावंसं वाटलं. एल्व्हेरा तिच्याकडे बघत नव्हती. तिला एवढ्या लांबचं दिसतही नव्हतं. ती पुन्हा खुर्चीत बसली आणि पायांवर शाल ओढून घेतली.

गोधडीला त्या वर्षीची सगळ्यात मोठी बोली आली. लवोना बोलीसाठी थांबली नव्हती.

घरी मर्ल खोकी उघडत होता. भिंत नव्हती. दोन्ही खोल्या एक झाल्या होत्या, आणि दुपारचं ऊन चौकटीच्या जागेवरून थेट मोरीपर्यंत पोचत होतं. सगळीकडे पांढरी धूळ. लवोना कोट न काढता आत गेली आणि जिथे फोन होता तिथे जाऊन उभी राहिली. पाय आपोआप त्या जागी थांबले, दोर जेवढा पुरायचा तेवढ्या अंतरावर.

“काही हरवलं का?” मर्लनं विचारलं. “फोन तव्यांच्या खोक्यात आहे. फेकून दिलेला नाही.”

“असू दे,” ती म्हणाली.

मर्ल दुसरं खोकं आणायला बाहेर गेला. गाडीचं दार वाजलं.

“आई, ते टाके माझे नव्हते,” लवोना म्हणाली. तिनं ते समोर बघून, भिंत होती तिथे बघून म्हटलं. मग केरसुणी घेतली आणि धूळ झाडायला लागली.