संत्र्याच्या सालीची बिअर

आमच्या छोट्या बिअरच्या कारखान्यात एक रीत होती. नवी बिअर आधी मी चाखायची आणि मी 'जमली' म्हटल्याशिवाय दुसऱ्या कुणी तिला ओठ लावायचे नाहीत. ही रीत मीच घालून दिली होती.

त्या दिवशी सुनेने एकटीने बनवलेलं पहिलं पिंप होतं, संत्र्याची साल घातलेलं. माझ्या हातात पेला देऊन ती ओले हात पुसत उभी राहिली.

मी घोट घेतला. जिभेला गारवा लागला, बुडबुडे टोचले आणि बस्स. संत्रं नाही, कडूपणाही नाही. मोठ्या तापातून उठल्यापासून हे असंच चाललं होतं. मागची तीन पिंपं मी नुसता रंग बघून पास केली होती.

"मामंजी, बोला की. मूग गिळून बसलात का?"

"मला चव कळत नाही गं. तापात गेली ती परत आलीच नाही."

"मग मागची तीन पिंपं?"

"अंदाजपंचे दाहोदरसे."

ती हसली नाही. मी पेला तिच्यापुढे धरला. "तू चाख आणि तूच सांग."

तिने बिचकत दोन घोट घेतले.

"साल फार वेळ उकळली मी. घशात कडू राहतंय."

"मग?"

"ओतून देऊ या."

महिनाभराची मेहनत होती तिची. 'राहू दे, खपेल' असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण आता ते ठरवणारा मी नव्हतो. तिने तोटी सोडली. पिंप रिकामं होईपर्यंत मी तिच्या शेजारी उभा राहिलो.