हिरवी नांदुऱ्याची

मित्रांनो, ज्या वर्षी ड्रायव्हर माणिकरावांच्या लेकीचे, मंजुश्रीचे लग्न झाले, त्या वर्षीची मी. मी एक जुनी बस आहे. गोड बोलायची मला सवय नाही आणि आता ती लावूनही घ्यायची नाही.

माझी पहिली फेरी त्याच लग्नाच्या वऱ्हाडाची होती. अंगावरचा रंग पुरता वाळला नव्हता. माझ्या दाराला घासून चढलेल्या बायकांच्या लुगड्यांना हिरवे डाग पडले. त्यांतली एक धामणगाव बढ्याची तानाबाई. तिचा डाग कधी निघाला नाही आणि तिचा माझ्यावरचा रागही कधी गेला नाही. पुढे बारा वर्षे ती माझ्यात बसली, पण चढताना पायरीवर दाणकन पाय आपटल्याशिवाय चढली नाही.

आमचे मालक मार्तंडराव. त्यांच्या तीन गाड्या धामणगावहून सुटत. मलकापूरची पिवळी, बुलढाण्याची तांबडी आणि नांदुऱ्याची हिरवी, म्हणजे मी. नंबर सोडला तर माझ्या अंगावर एक अक्षर नव्हते. त्याची गरज कोणालाच नव्हती. कपाशी वेचणारी बाई दूरवर हिरवे हलताना पाही आणि ओटीतला कापूस गाठोड्यात टाकून बांधावर येई. पिवळे दिसले तर मानही वर करत नसे. शेवटच्या थांब्याला जाणारा माणूस कंडक्टरला गावाचे नावसुद्धा सांगत नसे. नुसते ‘शेवट’ म्हणे. हिरवीचा शेवट नांदुरा, हे पोराटोरांना ठाऊक होते.

मोताळ्याच्या बाजारात एका बैलगाडीच्या जुवाचे टोक माझ्या दाराशेजारी आदळले आणि पत्र्याला ओंजळीएवढा पोचा पडला. तो तसाच राहिला. म्हाताऱ्या बाया चढताना त्या पोच्यात तळवा रोवून आधार घ्यायच्या. तानाबाई तर त्याच्याशिवाय चढतच नसे.

मार्तंडराव थकले आणि कारभार नातवाकडे, विहंगकडे आला. तो शहरात शिकून आला होता. जीपवाले प्रवासी पळवतात, जुनाट गाड्यांत कोणी बसत नाही, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्यावर त्याने शोधलेला उपाय ऐका. तिन्ही गाड्या एकाच निळ्या रंगाच्या करायच्या, बाजूला उडता पक्षी, समोर सरकत्या अक्षरांची दिव्यांची पाटी.

माणिकराव मला रंगवायला सोडायला आले तेव्हा दोघांची चांगलीच जुंपली.

“तीन गाड्यांचे तीन रंग म्हणजे आपली काही ओळखच नाही,” विहंग म्हणाला.

“ओळख कोणाची, साहेब? तुमची का गाडीची? रस्त्यात उभ्या असलेल्या बाईले तुमच्या ओळखीचं काय करायचं हाय? तिले तिचं गाव पायजे.”

“समोर पाटी आहे ना. वाचतील.”

“अन् ज्याले वाचता येत नाही त्यानं?”

“आजच्या काळात कोणाला वाचता येत नाही?”

माणिकरावांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. मंजुश्री दुसरीत असताना तिच्या पाटीवर तिच्याकडूनच ते अक्षरे शिकले होते, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. अजूनही बोट ठेवून वाचत. ते त्या पोरासमोर त्यांना सांगवले नाही. मला आजही वाटते, त्यांनी सांगायला हवे होते.

गेल्या साली संक्रांतीच्या चार दिवस आधी मला खरवडले. हिरव्यावर निळे चढले. खिडक्यांच्या काचांवरही पक्ष्याचे पंख चिकटवले, तेव्हा आतल्या माणसाला बाहेरचा रस्ता धुक्यातून दिसावा तसा दिसू लागला. दिव्यांची पाटी उन्हात विझल्यासारखी दिसे. पोचा तेवढा राहिला, कारण ठोकून काढायला वेळ नव्हता. आणि सगळ्या गाड्या एका रंगाच्या झाल्यावर कोणतीही गाडी कोणत्याही रस्त्यावर पाठवता येऊ लागली. विहंगला तेच हवे होते. मला आणि माणिकरावांना त्याने मलकापूरच्या रस्त्याला लावले. स्टँडवर सूचना लावली होती, असे तो नंतर सगळ्यांना सांगत फिरला. खरेच लावली होती. अक्षरांत.

आता तानाबाईचे सांगते. तिची धाकटी बहीण बनाबाई नांदुऱ्याला दिलेली. त्यांची आई बनाबाईकडेच असे आणि तिथेच ती गेली. त्या दिवशी तानाबाई निरोप मिळताच माझ्यात बसली, आणि शेलापूरच्या पुढे माझे मागचे चाक बसले. ती दोन तास उशिरा पोचली. बनाबाई थांबली नव्हती. आईला माती देऊन माणसे परत आली होती. तानाबाईने बहिणीच्या घरचे पाणीही तोंडाला लावले नाही आणि त्याच पावली परतली. तीन वर्षे दोघींत एक शब्द नव्हता. नांदुऱ्याचे नाव काढले की तानाबाई उठून आत जाई, आणि माझ्यातही ती पुन्हा बसली नाही.

मग गेल्या साली संक्रांतीला निरोप आला, की बनाबाई दोन दिवसांची सोबती आहे आणि तिने ‘तानीले बोलवा’ म्हटले आहे.

दुसरा दिवस करीचा. तो दिवस अशुभ, म्हणून आमच्याकडे सहसा कोणी गावाला निघत नाही. पण तानाबाई सकाळी दहाला धामणगावच्या स्टँडवर आली. तीन वर्षांनी. समोर दोन निळ्या गाड्या शेजारीशेजारी उभ्या. ती कोणाला विचारणारी बाई नव्हती. बारा वर्षांत तिने कधी विचारले नव्हते. तिने एका गाडीच्या दाराजवळ हात फिरवला, मग माझ्या. तळवा पोच्यात बसला. काचेतून माणिकरावांची तपकिरी टोपी दिसली. तिने पायरीवर पाय आपटला.

मित्रांनो, एवढ्या निळ्या रंगाखाली मला ओळखणारी ती एकटी होती. आणि मला तोंड नव्हते.

कंडक्टर नवा होता. ती म्हणाली, “शेवट.” त्याने मलकापूरचे तिकीट फाडून दिले. तिने ते न बघता कमरेला खोचले आणि पदर डोळ्यांवर घेऊन बसली. मोताळ्यावरून मी नांदुऱ्याचा रस्ता सोडून वळले, पण पंख चिकटवलेल्या काचेतून तिला काय दिसणार?

मलकापूरला सगळे उतरले. ती खाली उभी राहून इकडेतिकडे बघत राहिली आणि मग माणिकरावांच्या दारापाशी गेली.

“माणिकराव, हे कुठी आणलं मले?”

“मलकापूर होय, वैनी. तुमाले कुठी जायाचं होतं?”

“तुमची गाडी कुठी जाते, ते तुमीच सांगा. बना मरून राह्यली तिकडे.”

माणिकराव उतरता उतरता थांबले. “कंडक्टरले काय म्हटलं तुमी?”

“शेवट म्हटलं. आजवर काय म्हणत आली मी?” मग तिने माझ्या पत्र्यावर थाप मारली. “एका डावात समाधान नाही झालं व्हय तुह्यं?”

माणिकरावांनी विहंगला फोन लावला, की गाडी नांदुऱ्याला काढतो. पलीकडून तो म्हणाला असावा, की परतीचे प्रवासी उभे आहेत, गाडी रस्ता सोडणार नाही, आजींना दुसऱ्या गाडीत बसवा. माणिकराव एवढेच म्हणाले, “तिले आता कोन्त्या गाडीवर भरोसा राहील, साहेब?” आणि फोन खिशात टाकून त्यांनी मला चालू केले. अकरा प्रवासी शिव्या देत मागे राहिले. एका बाईला घेऊन मी मोठ्या रस्त्याने अशी धावले, की माझे सगळे खिळे वाजत होते. 

गल्लीच्या तोंडाशी बनाबाईची सून उभी होती. निळी गाडी पाहून तिने नजर वळवली. तिला हिरवीची वाट होती. सासूने दर घटकेला विचारले होते, हिरवी आली काय. पावणेबाराला, माझ्या नेहमीच्या वेळेला, ती उशीला टेकून उठूनही बसली होती. आणि शेवटी सांगून ठेवले होते, की तानी आल्याशिवाय मला उचलू नका.

तानाबाईने ते दारातच ऐकले. माणिकराव माझ्या चाकाशी खाली बसले.

विहंगने त्याच आठवड्यात त्यांना काढले आणि माझे इंजीन उकलून मला मोताळ्याच्या भंगारवाल्याच्या आवारात टाकले. आता ऊन निळ्याचे पोपडे काढते आणि खालून मी दिसते. मित्रांनो, माझ्यावर दया करू नका. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात रंगाचा डबा येईल. तो उघडण्याआधी जो वाचू शकत नाही त्याला जाऊन विचारा, की तू मला कशावरून ओळखतोस.

बनाबाई गेल्या साली करीच्या दिवशी, दुपारी एकला दहा मिनिटे कमी असताना वारली. मी तेव्हा मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मध्ये होते, आणि माझा रंग निळा होता.