किलवरच्या नव्वीकडं बघायचं नाही

मित्रांनो, मी एक जुना पत्त्यांचा जोड आहे. माझं नाव डब्यावर छापलेलं होतं आणि डबा उंदरांनी नेला, त्यामुळे नाव विचारू नका. पानं बावन्न म्हणायची, खरी एक्कावन्न. बावन्नावं पान म्हणजे लग्नपत्रिकेचा तुकडा आहे, त्याची हकिकत पुढं येईल. मी जुगाराचा जोड नाही. आता असं प्रत्येकच जोड म्हणतो, हे मलाही माहीत आहे. तेव्हा खुशाल संशय घ्या. मीसुद्धा सगळ्यांवर घेतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका मोठ्या कागदावर आम्ही सगळे शेजारी शेजारी छापले गेलो. राजाला खेटून तिर्री, राणीच्या डोक्याला गुलामाचं डोकं. मग सुरी फिरली, आम्ही सुटे झालो आणि त्या दिवसापासून लहानमोठे झालो.

जळकोटला हायवेच्या कडेला आण्णासाहेबांचं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे वर पत्रा, खाली दोन बाकडी, मागं गोठा आणि गोठ्यात एक म्हैस. चहात दूध तिचंच. म्हैस आटली की हॉटेल बंद, म्हैस व्याली की हॉटेल चालू, असा साधा हिशेब. आण्णासाहेबांनी मला नळदुर्गच्या बाजारातून आणलं आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना आमचा मेंढीकोट सुरू झाला.

मेंढीकोट तुम्हाला ठाऊक असेलच. दश्श्या गोळा करायच्या. चारी दश्श्या एकाच जोडीकडं गेल्या की समोरच्या जोडीवर कोट, आणि मग त्यांना हायवेवर तोंड दाखवायची सोय राहत नाही. आण्णासाहेब, शेजारी पंक्चरचं दुकान असलेले पाशामियाँ आणि एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर गोरोबा हे तिघं ठरलेले. चौथा गडी हायवेवर जो सापडेल तो. एकदा एका ट्रकवाल्यावर कोट बसला, तर तो रागानं हॉर्न दाबून जो निघाला, तो हैदराबादेत म्हणे लोक मोहरमची मिरवणूक समजून बाजूला झाले. ही बातमी गोरोबांनी आणली होती, तेव्हा तिच्यावरही संशय ठेवा.

ते माझे चांगले दिवस. पानं चिकटू लागली की पावडर लावून मला पुसायचे. माझ्या दश्श्यांना तर घरच्या लेकीसारखं जपायचे.

एका दुपारी किलवरची नव्वी वाऱ्यानं गोठ्यात गेली आणि म्हशीनं खाल्ली. अगदी शांतपणे खाल्ली, जसं काही तिच्या हातातलंच पान होतं. पाशामियाँ उठून आपल्या दुकानात गेले आणि एक जाड चौकोनी तुकडा कापून घेऊन आले. त्यावर त्यांनी बॉलपेननं नऊ आणि किलवर काढलं. मागच्या बाजूला अर्धा सोनेरी चांद होता.

ती त्यांच्या लेकीच्या, अलिजाच्या, लग्नाची पत्रिका होती. पत्रिका छापून आल्या आणि पलीकडच्या लोकांनी सोयरीक मोडली. गठ्ठा तसाच दुकानात पडून होता. त्या तुकड्याकडं बघून सगळ्यांनी माना फिरवल्या. त्या दिवसापासून या बाकड्यावर एक रीत पडली. किलवरच्या नव्वीकडं बघायचं नाही. मागचा चांद लांबूनही चमकायचा, नव्वी कुणाच्या हातात आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं, पण ती कळू न देता खेळायचं. आण्णासाहेबांचा मुलगा कृष्णराज शेजारी बसून बघायचा. तो मेंढीकोटाआधी ही रीत शिकला.

पुढं आण्णासाहेब गेले. खेळ बंद पडला. मला फळीवर साखरेच्या डब्यामागं ठेवलं आणि मुंग्या माझ्यावरून येऊ-जाऊ लागल्या. हॉटेल कृष्णराज आणि त्याची आई हरणाबाई चालवू लागले.

आणि एक दिवस कृष्णराजनं मला खाली काढलं. मला वाटलं, मेंढीकोट. कसलं काय! त्यानं मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. त्यात एक बाई कोट घालून उभी होती आणि कुणाकडंच बघून हसत नव्हती, तरी हसत होती. तिच्यासमोर एका डब्यात आठ जोड एकत्र भरले होते. आठ! म्हणजे आठ किलवरच्या नव्व्या, आणि एकही म्हशीनं खाल्लेली नाही. मला संशय यायला एवढं पुरे होतं.

खेळाचं नाव बॅकरा. कृष्णराज मोबाइलवर फुकटचा सराव करायचा आणि दुपारी बाकड्यावर मला पिसून तोच डाव मांडायचा. सरावात मोबाइल त्याला फारसा हरवतच नव्हता. मी उभ्या आयुष्यात कुणाला फुकट जिंकू दिलेलं नाही, म्हणून ही माया मला बरी वाटेना.

हरणाबाईंनाही वाटेना. कृष्णराज न सांगता शेण काढू लागला होता. आईला "तू बस, मी चहा करतो" म्हणू लागला होता. त्यांनी लगेच ओळखलं की घरात काहीतरी वाईट शिजतंय.

"काय पायजे तुला?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाय. म्हैस इकू म्हणतो."

म्हैस विकायची, त्या पैशानं मोबाइलमधल्या खऱ्या पैशाच्या टेबलावर बसायचं आणि जिंकून दोन म्हशी आणायच्या, असं त्यानं ठरवलं होतं. व्यापारी वीरभद्र यांना त्यानं बोलावलंही होतं. हरणाबाई शेवटी म्हणाल्या, "तुझ्या बाच्या दोस्तांना पटवून दाव. त्यांना पटलं तर सोड दावं."

दुसऱ्या दिवशी दुपारी वीरभद्र यांची पिकअप हॉटेलासमोर येऊन उभी राहिली. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती. बाकड्यावर गोरोबा, पाशामियाँ आणि मी. हरणाबाई चुलीपाशी.

"सोपं हाय," कृष्णराज म्हणाला. "एक बाजू प्लेअर, एक बाजू बँकर. दोघांना दोन-दोन पानं. बेरीज नऊच्या जवळ कुणाची, तो जिंकला. आठ नि पाच तेरा झाले तर दहा सोडायचे, तीन धरायचे. एक्का म्हंजे एक. राजा, राणी, गुलाम, दश्शी, सगळे शून्य."

"थांब," गोरोबा म्हणाले. "दश्शी किती?"

"शून्य."

"दश्शीला किंमत न्हाय?" गोरोबांनी पाशामियाँकडं पाहिलं. "अन् असला खेळ तू बापाच्या बाकड्यावर मांडतो?"

"अन् तू काय करतो बेटा यात?" पाशामियाँनी विचारलं. "तू प्लेअर का बँकर?"

"मी कुणीच न्हाय, चाचा. मी बाहेरून पैसं लावतो. प्लेअर जिंकंल का बँकर, का बरोबरी हुईल, त्याच्यावर."

"पान तू टाकायचं न्हाय?"

"न्हाय."

"तिसरं पान घ्यायचं का न्हाय, ते तरी तू ठरवतो?"

"ते नियमात बसवलेलं असतंय. आपल्याला काईच करावं लागत न्हाय."

"अन् जिंकलं तर सगळं तुझं?"

"बँकरवर जिंकलं तर कंपनी जरा कापून घेती. बरोबरीवर मात्र लई देत्यात."

"येती का बरोबरी?"

"क्वचित."

"म्हणून तर देत्यात," पाशामियाँ म्हणाले आणि बिडी पेटवायची विसरून हातात धरून बसले.

"म्हणूनच मी प्लेअरवर लावणार," कृष्णराज म्हणाला. "कट मारला की पहिला डाव प्लेअर. लई दिवस बघतोय. बघा आता."

त्यानं मला पिसलं. माझे दोन भाग केले. पहिलं पान प्लेअरला, किलवरची नव्वी. बँकरला छक्की. प्लेअरला राणी. बँकरला एक्का. प्लेअरचे नऊ, बँकरचे सात. प्लेअर जिंकला.

पुन्हा पिसलं, पुन्हा दोन भाग. प्लेअरला किलवरची नव्वी. बँकरला दुर्री, प्लेअरला राजा, बँकरला पंजी. पुन्हा नऊला सात.

तिसऱ्यांदाही प्लेअरच. गोरोबा आतापर्यंत पुढं सरकत सरकत बाकड्याच्या टोकाला आले होते.

"माझी लुना बी इकतो," ते हळूच म्हणाले.

बाहेरून वीरभद्र यांनी आवाज दिला, "सोडा ना राव म्हैस, ऊन लागायलंय तिला." ऊन म्हशीला नव्हे, त्यांना लागत होतं.

कृष्णराज दाव्याला हात घालायला उठला. मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या क्षणी मी ओरडलो असतो. त्या मुलाला दिसत कसं नव्हतं? दिसत होतं. पण त्या पानाकडं बघायचं नाही, हे त्याला इतकं नीट शिकवलं होतं की एकटा बसला तरी तो बघत नव्हता. गोरोबाही बघत नव्हते. तिघांनी मिळून सभ्यपणानं म्हैस घालवायला काढली होती.

पाशामियाँनी बिडी खाली ठेवली.

"बस, कृष्णा. ते पहिलं पान उचल."

"कुठलं?" कृष्णराजनं मान वळवली.

"लग्नाच्या पत्रिकेचं. माझ्या अलिजाच्या." "जाड कागद मीच पसंत केला होता. प्रेसवाला म्हणाला महाग पडंल, म्या म्हणलं पडू दे. कट मारताना तुझं बोट त्या जाड पानावर अडतंय अन् ते वर येतंय. दर टायमाला प्लेअरला नव्वी तूच देतोय. जिंकणार न्हाय तर काय?"

"चाचा, तुम्ही त्याचं नाव नव्हतं काढायचं," कृष्णराज म्हणाला.

"मग कोण काढणार? ही म्हैस? अरे, अलिजा सोलापुरात दवाखान्यात नर्स हाय. मजेत हाय. परवा म्हणाली, अब्बा, त्या बाकी पत्रिका भंगारात द्या. पोरगी मोकळी झाली, तुमीच अजून माना फिरवून बसलाय. काढ ते पान बाजूला अन् मांड डाव."

कृष्णराजनं पान बाजूला ठेवलं आणि मला पिसलं. प्लेअरला राजा आणि दश्शी. शून्य. तिसरं पान राणी, म्हणजे शून्यावर शून्य. बँकरकडं सहा. पुढचा डाव बँकर. त्याच्या पुढचा प्लेअर. मग बरोबरी, जिच्यावर कुणीच लावलं नव्हतं. कृष्णराज वाटतच राहिला. कपाळावरून घाम माझ्यावर गळला. कशाचा कशाला मेळ लागेना.

शेवटी तो उठला आणि बाहेर गेला.

"म्हैस द्यायची न्हाय," तो वीरभद्र यांना म्हणाला.

"का? दुसऱ्यानं भाव वाढवून दिला का?"

"न्हाय."

"मग खोड हाय तिच्यात. लात मारती? खरं सांग."

"पत्ते खाती," कृष्णराज म्हणाला.

वीरभद्र यांनी त्याच्याकडं, मग म्हशीकडं बराच वेळ पाहिलं आणि पिकअप वळवली. पोरगा बिघडलाय असं त्यांनी वाटेत बऱ्याच जणांना सांगितलं म्हणे.

कृष्णराजनं मोबाइलमधून ती हसणारी बाई काढून टाकली. ती जाताना विचारत होती, खरंच जायचं का? थोडा बोनस देऊ का? इतकी आर्जवं म्हैस दूध देतानाही करत नाही. मग पाशामियाँ म्हणाले, "वाटा आता, मेंढीकोट." पण चौथा गडी नव्हता. हायवे रिकामा होता. तेव्हा हरणाबाई हात पुसत आल्या आणि आण्णासाहेबांच्या जागेवर बसल्या.

"भाभी, तुमाला येतंय?" गोरोबांनी विचारलं.

"इतकी वर्सं तुमाला चहा कोण देत होतं? आंधळी न्हाय मी," त्या म्हणाल्या आणि वाटण्याआधी बाजूला काढलेली नव्वी परत मिसळून त्यांनी मला पालथं घातलं आणि एकेक पान मोजून घेतलं. पहिल्याच दुपारी त्यांनी गोरोबांवर कोट चढवला.

मित्रांनो, आता मला रोज कुणीतरी हातात घेतं, म्हणून तक्रार नाही. माझी पानं दमट झाली तर उन्हात ठेवा, चिकटली तर पावडर लावा. हरलात तर माझ्यावर खुशाल चिडा, मी इथंच बाकड्यावर सापडतो. पण कुणी एखादा खेळ घेऊन आलं आणि म्हणालं की यात तुम्हाला काहीच करावं लागत नाही, तर पैसे काढण्याआधी त्याला एवढंच विचारा: मग सगळं करतंय कोण?