अमोघने फाईल आवरली

अमोघचं वाटोळं व्हावं, अशी इच्छा मी त्या डिसेंबरात रोज आंघोळीच्या वेळी करायचो. अंगावर पाणी असताना केलेली इच्छा फळते असं आमच्या परभणीकडे मानतात. तुम्ही मानत नसाल तर मानायला लागा.

कारण साधं होतं. साल दोन हजार चार. हिंजवडीतल्या आमच्या छोट्या कंपनीला मुळशी धरणाच्या काठावरच्या एका रिसॉर्टचं काम मिळालं होतं. तिथला जुना कॉम्प्युटर सगळी बुकिंगं एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ओकायचा. ती माहिती उचलून नव्या डेटाबेसच्या टेबलांत भरायची आणि त्यावरून स्वयंपाकघरासाठी यादी छापायची. प्रोग्रॅम मी लिहिला. आमचा टीम लीड अमोघ. त्याने प्रोग्रॅमच्या माथ्यावरचं ‘कौस्तुभ’ पुसून ‘अमोघ’ घातलं आणि आमचे मालक चंद्रकांत सर यांना नेऊन दाखवला. सरांनी आधीच जाहीर केलं होतं, की हे काम ज्याने केलं आणि मुळशीत चालवून दाखवलं, तो कंपनीतर्फे जर्मनीला जाणार. अमोघने लगेच लोकरीचा कोट घेतला. ऑफिसात घालून बसायचा, घाम पुसत.

“तू सरांशी बोलत का नाहीस?” शेजारच्या टेबलावरच्या किमयाने विचारलं. ती टेस्टिंग करायची.

“बोललो. म्हणाले, टीमवर्क आहे.”

“मग?”

“मग आता सूड.”

“म्हणजे काय करणारेस?”

“ठरलं नाही. पण जेवण वाढवलंय. ताकद लागेल.”

आता ती फाईल कशी होती ते सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. तिच्यात स्वल्पविराम नव्हते, रेघा नव्हत्या. प्रत्येक ओळीत प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली. नावाला तीस अक्षरं, गावाला पंधरा, माणसं किती त्याला दोन, जेवण शाकाहारी की मांसाहारी त्याला एक, मग घरचा आणि मोबाईलचा असे दोन फोन नंबर. नाव छोटं असेल तर उरलेली जागा कोरी सोडायची. एस.टी.त आमदारांसाठी राखीव सीट असते तसं. आमदार जन्मात येत नाही, पण सीट त्याचीच. माझा प्रोग्रॅम सीट नंबर बघून माणूस ओळखायचा.

आणि अमोघला कोरी जागा बघवायची नाही. हा त्याचा आजारच होता. त्याच्या डब्यात पोळी आणि भाजी यांच्यामध्ये हवेला शिरकाव नसे. पार्किंगमध्ये दोन गाड्यांत फट दिसली की तो आपली बाईक तिच्यात कोंबायचा, आणि संध्याकाळी तिन्ही गाड्या निघायच्या नाहीत. ऑफिसातली टेबलं त्याने इतकी जवळ आणली होती, की मी शिंकलो की किमया स्वतःचा कीबोर्ड पुसायची.

शुक्रवारी आम्ही तिघं मुळशीला गेलो. रिसॉर्टचे मालक भिवाजीशेठ. भाताच्या खाचरांच्या कडेला त्यांनी कॉटेजं बांधली होती. त्यांनी मॉनिटरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि स्वयंपाकघराच्या प्रमुख गंगूबाई यांना बोलावून घेतलं.

“गंगूबाय, आजपास्नं कम्प्युटर म्हनंल तेवढंच शिजवायचं. मनाचं काय करायचं न्हाई. लई अन्न वाया जातंय.”

“आन त्यो चुकला तर?”

“चुकायला त्यो काय तुझा नवरा हाय?”

एवढं बोलून शेठ जवळच्या रिहे गावी भाचीच्या हळदीला गेले. उद्या दुपारी जेवायच्या वेळी येतो म्हणाले.

अमोघने कोट काढून खुर्चीला लावला आणि फाईल उघडली. स्क्रीनभर नावं, आणि नावांच्या मध्ये शुभ्र मोकळी मैदानं. त्याचा श्वास जड झाल्याचं मला मागे उभ्या उभ्या ऐकू आलं. तेव्हा मला कळलं, की आंघोळ पावली.

मी फक्त एवढंच म्हणालो, “फाईल जरा ढिली वाटत नाही का रे?”

“मीही तेच बघतोय,” तो म्हणाला. “किती जागा वाया घालवलीय या लोकांनी.”

“जाऊ दे. आपल्याला काय करायचंय.”

हे मी मुद्दाम म्हणालो. जाऊ दे म्हटलं की अमोघ जाऊ देत नाही. जिथे जिथे दोन कोऱ्या जागा शेजारी दिसल्या, तिथे त्याने एकच ठेवायचा हुकूम दिला. मिनिटभरात फाईल मोळीसारखी आवळली गेली. प्रोग्रॅम चालला. गडबड दिसली की थांबायची सोय मी त्यात केली होती, पण ती अमोघने आधीच काढून टाकली होती. क्लायंटसमोर थांबलेलं बरं दिसत नाही म्हणून.

सगळ्या ओळी डावीकडे सरकल्या होत्या. नावाच्या रकान्यात नाव, गाव आणि जेवण एकत्र नांदत होतं. आणि जिथे माणसं किती ते असायचं, तिथे लोकांचे फोन नंबर येऊन बसले होते. चार माणसांच्या कॉटेजात ब्याण्णव झाले. दोघांच्या खोलीत सत्त्याहत्तर. जेवणाच्या सीटवर आकडा बसलेला, आणि शाकाहारी असं स्पष्ट लिहिलं नसेल तर मांसाहारी धरायचं, हा नियम खुद्द शेठचा.

किमयाने यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेरच्या बगळ्याकडे पाहिलं. ती तोंड दाबून बाहेर निघून गेली.

गंगूबाईंनी यादी दोनदा वाचून घेतली. “एवढी मान्सं? झोपत्याल कुटं?”

“ते कॉम्प्युटर बघेल,” अमोघ म्हणाला.

“बरं बाबा.” त्यांनी मांडववाल्याकडून लग्नातली पातेली मागवली, धरणावरच्या सगळ्या कोळ्यांना निरोप धाडला आणि पौडच्या वाजिदभाईंना कोंबड्यांसाठी फोन लावला.

“गंगूताई, एवढ्या? परत एकदा सांगा.”

“कम्प्युटरनं सांगितलंय, भाई.”

“मग बरोबरच असंल,” वाजिदभाई म्हणाले, आणि टेम्पो भरला.

शनिवारी दुपारी जेवायला खरे पाहुणे आले ते पुण्यातल्या एका हास्यक्लबचे ज्येष्ठ सभासद. सगळे शाकाहारी, बहुतेक माळकरी. समोर डोंगराएवढं मटणमसाल्यातलं चिकन आणि परातीत रचलेले तळलेले मासे पाहून त्यांच्या प्रमुखांनी सवयीने दोन्ही हात वर करून हसायला सुरुवात केली. बाकीच्यांनीही केली. पण ते हसणं तब्येतीला चांगलं वाटत नव्हतं.

तेवढ्यात शेठ आले. मागोमाग पुष्पगुच्छ घेऊन चंद्रकांत सर. शेठ एकेका पातेल्यात डोकावत गेले. शेवटच्या पातेल्यापाशी थांबले.

“ह्ये कुनी केलं?”

सरांना अजून काही कळलं नव्हतं. ते अभिमानाने म्हणाले, “आमच्या अमोघने. एकट्याने.”

“सर, म्हणजे तसं टीमवर्क आहे,” अमोघ घाईने म्हणाला.

“विनय आहे त्याचा,” सर म्हणाले. “प्रोग्रॅमवर त्याचंच नाव आहे, दाखवतो.”

शेठ ओरडले नाहीत. हास्यक्लबासाठी पिठलं-भात टाकायला सांगून म्हणाले, “आमच्यात शिजवल्यालं फेकत न्हाईत. आन जेवान ज्याचं, त्यानं शेवटची पंगत उठंस्तवर वाढायचं. मग खायाचं.”

लाऊडस्पीकर लावून जीप सुटली. मुळशी, रिहे, थेट कासारसाईपर्यंत. ‘अमोघरावांतर्फे जेवान हाय, सहकुटुंब यावं.’ लोक ट्रॅक्टरमधून आले. कसलं जेवण, हे कुणी विचारलं नाही; प्रत्येकजण आपापलं धरून चालला. कुणी अमोघला टोपी घातली, कुणी कुंकू लावलं. धोंडाबाई नावाच्या आजींनी त्याच्या गालावरून बोटं मोडली.

“पोरगा झाला व्हय रं?”

“नाही आजी, डेटा इंपोर्ट.”

“असू दे. दुसऱ्या खेपंला हुईल पोरगा.”

चौथ्या पंगतीला शेठ सरांना बाजूला घेऊन म्हणाले, “ह्यो पोरगा वरीसभर हितं ऱ्हाईल. घाण त्यानं केली, काढंल बी त्योच. पटत नसंल तर तुमचा कम्प्युटर ह्याच टेम्पोत घाला.” टेम्पोत अजून पिसं उडत होती. सरांना लगेच पटलं.

मग ते माझ्याकडे आले. “कौस्तुभ, तू जाशील जर्मनीला? पासपोर्ट आहे ना?”

“नाही सर.”

“काढला का नाहीस?”

“काढला असता तर आशा लागली असती.”

त्यांनी किमयाकडे पाहिलं. तिच्याकडे होता. ती मला म्हणाली, “सॉरी रे. तुला वाईट वाटत असेल.”

मी नीट तपासून पाहिलं. वाटत नव्हतं. मला जर्मनी नकोच होती. अमोघला मिळू नये, एवढीच माझी माफक गरज होती, आणि ती पुरी झाली होती. मी जाऊन पंगतीत बसलो.

अमोघ बादली घेऊन आला. बाह्या कोपरापर्यंत रश्श्याने लाल, टोपी कानावर, डोळे पाण्याने भरलेले, तिखटाने असतील. सकाळपासून त्याच्या पोटात कण नव्हता. माझ्यापुढे तो वाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “तुला माहीत होतं ना?”

“वाढ,” मी म्हणालो.

त्याने वाढलं. मी खाल्लं. तो दुसऱ्यांदा आला, मी घेतलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा गळ्यापर्यंत आलं होतं, पट्टा सोडून ठेवला होता, आणि माशाच्या वासानेच मळमळत होतं.

“झालं ना आता?” त्याने विचारलं.

मी पत्रावळ पुढे सरकवली.