सातच्या पाढ्याचं पॅकिंग

खरं तर पान्या हे लिहिणारच नव्हता. तीनदा वही उघडली, तारीख टाकली आणि तीनदा मिटून टूलबॉक्सच्या खालच्या खणात ढकलली.

एरवी त्याचं असं नसतं. गाडीला हात लावला की संध्याकाळी वहीत उतरवायचं: काय काढलं, काय बसवलं, कुठे चुकलो. शिकवायला कोणी उस्ताद नव्हता. जे आलं ते मोबाइलवर बघून आणि स्वतःच्या हाताने वाट लावून आलं. चूक लिहून ठेवली नाही तर तीच चूक परत होणार, हे त्याला पक्कं माहीत. पण या वेळी नेमकं काय चुकलं तेच लिहिता येईना. शेवटी बसला लिहायला. कारण आणखी आठवडा गेला असता तर त्याने स्वतःलाच पटवलं असतं की असं काही झालंच नाही.

सुरुवात मामाच्या गाडीपासून झाली.

मामाची गाडी पान्याहून वयाने मोठी. दरवाजे चार, त्यातले उघडणारे तीन. मामाने रेडिएटरमध्ये पाणी नसताना ती चाळीस किलोमीटर रेटली आणि इंजिन जाम करून टाकलं. मग मोठ्या मनाने म्हणाला, "घे, तुलाच दिली. नाहीतरी तुला गाडी हवी होती." म्हणजे मढं याच्या गळ्यात.

जुन्या इंजिनात जीव नव्हता, ब्लॉकलाच तडा गेलेला. त्याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचं इंजिन थोडं मोठं असतं, पण मारून मुटकून बसतं, हे पान्याला ठाऊक होतं. भंगारवाल्या काकांकडे तसं एक मिळालं. काकांनी ते दोन टायरांवर ठेवलं, बाटलीतून पेट्रोल दिलं आणि चालवून दाखवलं. आवाज एकदम गोल. इंजिन-नंबराची जागा मात्र ग्राइंडरने घासलेली.

"काका, हे कुठल्या गाडीतलं?"

"तू इंजिन न्यायला आलायस की सोयरीक जुळवायला?" काका म्हणाले. "उचल."

अकरा दिवस लागले. जुनं चेन ब्लॉकला टांगून बाहेर काढलं, नवं आत सोडलं, तर इंजिन टेकवायचं माउंटिंग दोन बोटं पुढे. मग लोखंडी पट्ट्या कापून, वेल्डिंग मारून नवे ब्रॅकेट केले. रेडिएटरचा पाइप पुरेना. क्लचची केबल तोकडी. सगळं जमलं तर बॉनेट लागेना, म्हणून एअर फिल्टरचा डबा ठोकून चपटा केला. शेजारच्या शेडमध्ये रंगारी काम करायचा. गाड्यांना रंग मारणारा, पान्याचा शाळेपासूनचा दोस्त. तो पॉलिश पेपर घासता घासता तोंड चालवायचा.

"मामाच्या गाडीत परकं काळीज घालतोयस. रुसेल हं ती."

"तू पत्रा घास. मला डॉक्टरकी शिकवू नकोस."

बाराव्या दिवशी पहिल्याच सेल्फला इंजिन चालू झालं. पाच मिनिटं चालवलं, खालून तेल गळतंय का बघितलं, बंद केलं. चावी काढून पान्याने हातात घेतली.

धप्. धप्.

मग जरासं थांबून, कोणी उंबऱ्यापाशी अडखळावं तसं, धप्.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. आत कार्बन साचला असेल तर गरम इंजिन बंद केल्यावर दोन-चार ठोके खातं, उरलंसुरलं पेट्रोल निखाऱ्यावर पेटतं. पान्याने ते रंगाऱ्याला समजावलंही. रंगाऱ्याचा हात थांबला होता. "बरं," म्हणाला आणि पुन्हा घासायला लागला. पण एकाच जागी घासत राहिला. पुट्टी गेली, जुना रंग गेला, खालचा पत्रा चमकायला लागला तरी घासत होता.

त्या संध्याकाळी पान्या त्याला नव्या इंजिनावर घरी सोडायला गेला. घर दोन गल्ल्या पलीकडे. पुढे लोखंडी फाटक, त्याला एक मोठं दार, एक माणसापुरतं छोटं. मोठं दार चार वर्षांत उघडलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी रंगाऱ्याचा मोठा भाऊ, त्याला सगळे दादाच म्हणायचे, दोन दिवसांच्या कामाला म्हणून गाडी घेऊन बाहेर पडला. तो आला नाही, गाडीही आली नाही. पोलिसांत कळवून झालं, फोटो लावून झाले. रंगाऱ्याच्या आईने, काकूंनी, तेव्हापासून बोलणं आणि जेवणं दोन्ही अर्ध्यावर आणलं होतं. गाडी नसलेल्या घराला मोठं दार हवं कशाला, म्हणून ते तसंच गंजत गेलं.

पान्याने फाटकासमोर गाडी बंद केली. धप्, धप्. धप्.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग चपला. मग मोठ्या दाराचा अडसर किरकिरला.

"थांब रे, उघडते. हॉर्न नको वाजवूस, शेजारी ओरडतात."

दार उघडून काकू उभ्या. पान्याला वाटलं, आता या कोसळणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीच फरक पडला नाही.

"तू होय," त्या म्हणाल्या. "ये, आत घे गाडी."

गाडी आत आली. काकूंनी मागच्या सीटकडे बघितलं आणि एक पाऊल बाजूला सरल्या. कोणाला उतरायला जागा द्यावी तशा.

रंगारी पुढच्या सीटवर हाताची घडी घालून बसून होता. पान्याने विचारलं तेव्हा एवढंच बोलला, "दादाची गाडी बंद करताना अशीच करायची."

"त्या मॉडेलच्या निम्म्या गाड्या तशाच करतात."

"तेच म्हणतोय मी."

निघताना काकू म्हणाल्या, "उद्यापण आण हो." नाही म्हणायला पान्याची जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशी आणली, तिसऱ्या दिवशीही. काकूंनी फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. अंगण झाडलं. चौथ्या दिवशी पायरीपाशी पुरुषी चपलांचा एक जोड पुसून ठेवलेला दिसला, पाचव्या दिवशी त्यांनी पान्याला चहा दिला आणि ट्रेमध्ये एक कप जास्तीचा होता. तो कोणी उचलला नाही. त्यावर साय धरली.

"आई काल दोनदा वाढून घेऊन जेवली," रंगारी म्हणाला. त्याने हे सांगताना पान्याकडे बघितलं नाही.

पान्याला आता ते ठोके नको झाले होते. प्लग बदलले. ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं. कार्बोरेटर खोलून, धुऊन, फुंकून बसवला. फरक शून्य. ठोके तीनच, मधली फटही तेवढीच. सहाव्या दिवशी, टळटळीत दुपारी, त्याने इंजिन चालू ठेवून पेट्रोलचा पाइपच काढला. इंजिनाने आचके दिले आणि पेट्रोलवाचून बंद पडलं. ठोका नाही, काही नाही.

"बस आता उपाशी," म्हणून पान्या नळावर हात धुवायला गेला. साबणाचा फेस कोपरापर्यंत गेला असेल.

धप्. धप्.

त्याने नळ बंद केला.

धप्.

दुसरा कोणी असता तर पळाला असता. पान्याने हात पुसले आणि पाना घेतला, कारण त्याला दुसरं काही येतच नव्हतं. पेट्रोल येतंय तरी कुठून, म्हणून पेट्रोलपंपच उतरवला. दोन बोल्टवर ब्लॉकच्या कुशीला बसलेला छोटासा पंप. हे इंजिन बसवल्यापासून त्याला हात लावायची वेळ आली नव्हती. पंप सुटला आणि मागचं पॅकिंग, सांध्यातून गळू नये म्हणून मध्ये घालतात ती चकती, पान्याच्या तळहातावर आलं.

ते बाजारातलं नव्हतं. वहीच्या मागच्या पुठ्ठ्यातून कात्रीने कापलेलं. बोल्ट दोन आणि भोकं तीन. तेल पिऊन तपकिरी झालेलं, पण कडेला छापील आकडे स्पष्ट होते. २१, २८, ३५.

पान्या खालीच बसला.

सोळा वर्षांचा असताना त्याने आयुष्यातली पहिली दुरुस्ती केली ती दादाच्या गाडीची, काकूंच्या फाटकाच्या आत. पेट्रोलपंपाचं पॅकिंग फाटलं होतं. पुठ्ठा रंगाऱ्याच्या गणिताच्या वहीचा, मागे पाढे छापलेले. पान्याने माप उलटं धरलं आणि एक भोक भलत्याच बाजूला पाडलं. दुसरा पुठ्ठा नव्हता, म्हणून तेच बसवलं. दादा हसून हसून पायरीवर बसला होता.

"दोन बोल्टला तीन भोकं. तिसऱ्यातून काय, भूत ये-जा करणार का?" आणि मग, पान्याचं तोंड उतरलेलं बघून, "बरं, हे टिकलं ना, तर या इंजिनाला तुझ्याशिवाय कोणाला हात लावू देणार नाही. झालं समाधान?"

पान्या तसाच भंगारवाल्या काकांकडे गेला. त्याचा चेहरा बघून काकांनी या वेळी चेष्टा केली नाही.

"गाडी नव्हती रे. नुसतं इंजिन आलं. नदीचं पाणी उतरलं की वळणावर सांगाडे उघडे पडतात, लोक खोलून आणतात. गाळाने भरलेलं होतं. दोन दिवस धूत होतो."

"गाळातलं इंजिन चालतं का, काका?"

"नाही चालत," काका म्हणाले. "वजनावर काढणार होतो. पण सहज बाटली लावली तर झालं चालू. मलाही नवल वाटलं."

परत येताना पान्या पॅकिंग बोटांत फिरवत होता. पुठ्ठा चार वर्षं पाण्यात राहिला तर लगदा होतो. हा अजून ताठ होता.

आता दादाची गाडी नदीत गेली हे काकूंना सांगायचं की नाही, एवढंच उरलं. सांगितलं तर काकू पुन्हा खुर्चीत जाऊन बसणार, आणि या वेळी कायमच्या. न सांगितलं तर रोज संध्याकाळी आपणच ते मोठं दार उघडायला लावणार, आणि कपावर साय धरताना बघत चहा पिणार. वाटेत त्याने दोनदा ठरवलं की पॅकिंग गटारात टाकायचं. दोन्ही वेळा मूठ उघडलीच नाही.

रंगारी शेडमध्ये मडगार्डला पुट्टी लावत होता. पान्याने काही न बोलता पॅकिंग त्याच्यासमोर धरलं. रंगाऱ्याने पुट्टीचे हात चड्डीला पुसले, ते घेतलं, आकड्यांवरून अंगठा फिरवला.

"सातचा पाढा," म्हणाला. "माझा कधीच पाठ झाला नाही."

पान्याने गाळाचं सांगितलं. नदीच्या वळणाचं सांगितलं. रंगारी ऐकत राहिला. मामाची गाडी समोरच उभी होती, बॉनेट उघडं, पंप बाकावर, पाइप लोंबता, बॅटरीची तार सुटलेली.

धप्. धप्.

दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

धप्.

"आई आता उठली असेल," रंगारी हळूच म्हणाला.

"वेडा आहेस का? दोन गल्ल्या पलीकडे आहे घर."

रंगाऱ्याचा फोन वाजला. त्याने उचलला. शेड इतकी शांत होती की काकूंचा आवाज पान्यालाही ऐकू आला. "अरे, फाटक उघडून उभी आहे मी. आवाज आला, मग थांबलात कुठे?"

"येतो, आई," रंगारी म्हणाला. "आत बस तू." फोन ठेवून तो डब्यावर टेकला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. उगाच पत्रा दिसेपर्यंत घासला का मी?"

"मग बोलला का नाहीस, लेका?"

"ती जेवायला लागली होती."

डब्यातली पुट्टी वाळून दगड झाली.

"आता सांगायला पाहिजे," रंगारी म्हणाला. "नाहीतर एक दिवस ती त्या गाडीत मागे जाऊन बसेल. मी सांगतो. तू नको, तू रडशील आणि तिला तुलाच गप्प करत बसावं लागेल." मग त्याने पॅकिंग परत पान्याच्या हातात ठेवलं. "पण मी सांगत असताना तो आवाज आला तर मला जमणार नाही. तीपण अर्ध्यातून उठून दार उघडायला जाईल."

"मी काय करू, ते सांग."

"हेच परत बसव. जसं होतं तसं, तीन भोकांचं. पंप लाव, गाडी फाटकाशी आण आणि चालू ठेव, चालू असताना ठोके येत नाहीत. मी बाहेर येईपर्यंत बंद करू नकोस."

पान्याने पॅकिंगवरची धूळ फुंकली. पाना उचलला.

"टाकी काठोकाठ भरून आणतो," तो म्हणाला. "तू कितीही वेळ लाव. तू फाटकाबाहेर येऊन सांगेपर्यंत मी चावीला हात लावणार नाही."