इंजिनाची ताकद कोण पितं?

रहिमतपूरजवळच्या चढाखाली अख्खं गाव गोळा झालं होतं. पण मोठ्यानं बोलायला कुणी धजत नव्हतं. समोर लालासाहेबांची काळी विलायती मोटार उभी होती. एका संस्थानिकाकडून घेतलेली ही गाडी इतकी गुपचूप चालायची, की अगदी पाठीशी आली तरी कळायची नाही. बायका तिला आधीपासूनच बिचकायच्या. त्यात महिनाभर ती चढ चढेनाशी झाली होती.

काही दिवसांपूर्वी इंजिनाची ताकद मंत्रानं वाढवतो म्हणत नाथाजीबुवा आला. त्यानं बॉनेटवरून लिंबू फिरवलं, "अश्वशक्ती, गजशक्ती, वज्रशक्ती!" म्हणून आरोळी ठोकली, आणि गाडी भरधाव वर गेली. लोकांनी त्याचे पाय धरले.

मात्र लालासाहेबांची सून अंजना बसली, की गाडी पुन्हा रांगायची. लालासाहेबांनी तिला बसवून स्वतः चालवून पाहिली. वेगाचं पेडल जाईल तेवढं दाबलं, तरी तेच. घाबरून त्यांनी बुवाला बोलावून घेतलं.

"पोरीच्या अंगात हडळ हाय," बुवा म्हणाला. "इंजिनाची ताकद ती पिती. आज इंजिन, उद्या पोटातलं लेकरू! अंगावरचं सोनं माझ्या मठात ठेवा आन् तिला मिरच्यांच्या धुरीत बसवा."

अंजनाला सहावा महिना होता. नवरा फौजेत, सीमेवर. घरात तिच्या हातचं पाणीही कुणी घेईना. धुरीच्या दिवशी सकाळी तिला तपासायला डॉक्टर विजयमालाबाई आल्या, तेव्हा तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

"बाई, मी माझ्या लेकराला खाईन का वो?"

बाई उठल्या. त्या लालासाहेबांकडे वळून म्हणाल्या, "धुरीआधी मला एकदा तो चढ दाखवा."

म्हणून आज ही गर्दी. ड्रायव्हर गुंडानं दार उघडलं, पायाखालचं जाजम झटकून पुन्हा अंथरलं आणि स्टिअरिंगवर बसला. मागं अंजना, पुढं बाई. गाडी निघाली आणि चढावर रांगू लागली. अंजनानं डोळे गच्च मिटले.

बाईंनी समोरच्या फळीवर तळहात टेकवला. थरथर नाही, धाप नाही. इंजिन झोपेतल्यासारखं संथ.

"थांबव," त्या म्हणाल्या. "दमलेला बैल धापा टाकतो. याची ताकद कुणी पीत असतं, तर हे धडपडलं असतं, हिसके दिले असते. हे तर आरामात आहे. याला जोर कुणी लावायलाच सांगत नाही. उतर."

"बाई, जाजमाला हात लावू नगा! वहिनीसाब बसल्या की बुवांनी ते झटकायला सांगितलंय. बाधा हाय!" गुंडा आडवा आला.

बाईंनी जाजम उचललं. पेडलखाली लाकडाची पाचर होती. पेडल थोडंसं जाऊन तिच्यावर टेकायचं. वर जाड जाजम, त्यामुळं चालवणाऱ्याला वाटायचं, तळ लागला. गाडी मुळात इतकी शांत, की इंजिन राबतंय का निजलंय, हे कानाला कळायचंच नाही.

"लाकूड हडळीनंच आणलं!" गाडीमागून चढ चढून आलेला बुवा ओरडला.  गुंडा मात्र रडायला लागला. "बुवा सोन्यात वाटा देतो म्हनला वो मालक. पाचर पयल्यापासनं मीच घालत हुतो. मंत्र म्हनायच्या आधी काढायचो."

बाईंनी पाचर काढून फेकली आणि त्या स्टिअरिंगवर बसल्या. अंजना मागंच होती. गाडी सरसर माथ्यावर गेली. खाली लोकांनी बुवाला धरून ठेवलं होतं.

वर पोचल्यावर अंजनानं विचारलं, "मग माझ्यात काई न्हाई?"

"आहे की. लेकरू आहे. घरी जाऊन पोटभर जेव."

लालासाहेब धापा टाकत चढून आले. सुनेसमोर त्यांची मान वर होईना. "पोरी, धुरी पेटवायचा हुकूम मीच दिला हुता," एवढंच ते म्हणाले.

वाचकहो, भीती कुणालाही वाटते. लालासाहेबांना वाटली, अंजनाला तर स्वतःचीच वाटली. पण कारण शोधायला त्या दिवशी घटकाभरही लागली नाही. बाई आल्या नसत्या, तर तेवढ्याच वेळात एक गरोदर पोर धुरात घुसमटली असती. कुणाच्या अंगात काही आहे असं कुणी सांगितलं, तर आधी सांगणाऱ्याला प्रश्न विचारा.