सहावा दगड

आमच्या कामवाल्या ठकुबाईंनी दगड घासून लख्ख केले आणि मी त्यांना नको नको ते बोलले. माझा राग दुधासारखा, बघता बघता उतू जातो. पण चूक लहान नव्हती. माझे सासरे, बाबा, भूगर्भशास्त्रज्ञ. नोकरीभर देशातले डोंगर हिंडले आणि एकेका रांगेतला दगड आणून त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवत गेले. ती पेटी सोमवारी जयनगरच्या शाळेला द्यायची होती, आणि चिठ्ठ्या मोरीतून वाहून गेल्या होत्या.

त्यातून गेल्या महिन्यात बाबा भाजी आणताना घरची वाट चुकले. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा. तेव्हापासून बाबांचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. शाळेतल्या मुलांशी बोलायलाही ते तयार नव्हते. पेटी तेवढी पाठवा म्हणाले.

मी दगड बाबांसमोर टेबलावर मांडले. बराच वेळ त्यांनी हात लावला नाही. मग एकावर अंगठा फिरवला, तर बोटाला तांबूस वाळू लागली. हा विंध्य, म्हणाले, जुन्या समुद्राकाठची वाळू. काचेसारखा कडक होता तो अरवलीचा. ती रांग हिमालयाच्या किती तरी आधीची, झिजून झिजून बुटकी झालेली. जड, करडा निघाला निलगिरीचा, जमिनीच्या पोटातून वर आलेला. चौथ्यासाठी त्यांनी लिंबू मागितलं. रस पडताच बारीक फेस आला. हा हिमालयातला चुनखडक, एके काळचा समुद्राचा तळ. काळा तो अर्थातच सह्याद्री, थिजलेला लाव्हा.

सहावाही काळाच होता, भोकाभोकांचा. बाबांनी तो उलटसुलट केला.

"सह्याद्रीचाच आहे. पण हा मी आणलेला नाही."

पेटीत किती दगड होते ते आम्ही कधी मोजलंच नव्हतं. नवऱ्याने, ईशानने, माझ्याकडे पाहिलं. असेल, विसरला असाल, मी म्हणून गेले. बाबा उठून खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी ठकुबाई येतील असं मला वाटलं नव्हतं. आल्या, पण माझ्याकडे न बघता.

"वैनी, माजी वजरी हितं ऱ्हायली काय? डिंक निघंना म्हणून घरनं आणली हुती."

टाचा घासायचा तो दगड त्यांनी सह्याद्रीतल्या चंदगडहून, माहेराहून आणलेला. मी तो सहावा दगड घेऊन तशीच बाबांच्या खोलीत धावले आणि त्यांच्या हातात ठेवला. तुमचंच खरं होतं, चुकले ते आम्ही, असं त्यांना सांगितलं. मग परत येऊन ठकुबाईंचे हात धरले. चिठ्ठ्या शाबूत असत्या तर बाबांना काय काय आठवतं हे आम्हाला कधी कळलंच नसतं. तुमचे उपकार कसे फेडू, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, आधी वजरी द्या.

वजरी बाबांनीच आणून दिली. दुसऱ्या हातात त्यांचा इस्त्रीचा शर्ट होता.

"सोमवारी शाळेत किती वाजता जायचंय?" त्यांनी विचारलं.